सुरक्षा धोरण मंजुरीला ठेवण्याआधी

आपल्या सांगलीच्या सॉफ्टवेअर गटाचं सुरक्षा धोरण, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची त्रुटी कुठे कळवायची आणि आपण त्यावर काय करू हे सांगणारं पान, नव्याने लिहायचं ठरलंय. मसुदा हाती घेण्याआधी जुनं धोरण कुठे कुठे आहे ते शोधा. गिटहबवर, म्हणजे जिथे आपला कोड ठेवतो त्या संकेतस्थळावर, संस्थेच्या ‘.गिटहब’ नावाच्या सार्वजनिक रिपॉझिटरीतली (कोडच्या साठ्यातली) सिक्युरिटी डॉट एमडी ही धोरणाची फाइल सगळ्या प्रकल्पांना लागू होते खरी, पण ज्या प्रकल्पात स्वतःची फाइल आहे तिथे तीच दिसते. म्हणजे वरची बदलली तरी खालच्या जुन्या फाइलीत त्रुटी कळवण्याचा बंद पडलेला मेलचा पत्ता तसाच राहतो. त्या जुन्या फाइली काढून टाका.

मग तो पत्ता तपासा. बाहेरच्या खात्यावरून मेल टाका आणि तो कोणाच्या हातात पडतो ते पाहा. एकाच माणसाच्या खाजगी खात्यात जात असेल तर तिथेच थांबून आधी ते दुरुस्त करा. मेल किमान तिघांना जावा आणि त्यांतला एक सांगलीबाहेर राहणारा असावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. तशा दिवसांत इथल्या कोणाकडूनही उत्तराची अपेक्षा ठेवणं चूक आहे, आणि त्रुटी कळवणाऱ्याला पुराची काही कल्पना नसते. गिटहबवर खाजगीत त्रुटी कळवण्याची सोय सगळ्या सार्वजनिक रिपॉझिटरींवर सुरू करा, म्हणजे कोणी घाईत उघड इश्यू (सगळ्यांना दिसणारी तक्रार) टाकणार नाही.

मुदतीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्रुटी जाहीर करायला ९० दिवस ही बरीच रुळलेली मर्यादा आहे, ती घ्यायला हरकत नाही. पण ‘२४ तासांत उत्तर देऊ’ असं लिहू नका. आपण सगळे नोकरी सांभाळून हे करतो. पाच दिवस लिहा आणि ते पाळा. खरी त्रुटी शोधून, ती गुपचूप आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसाला शब्द देऊन ताटकळत ठेवणं मला मान्य नाही.

सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्त्यांना पॅच (त्रुटीची दुरुस्ती) मिळेल ते स्पष्ट लिहा. आपल्या सर्व्हरवर घुसखोरी झाली तर वेगळा प्रश्न येतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते. ते आपल्याला कितपत लागू आहेत हे वकिलाला विचारून घ्या. आपल्या संकेतस्थळावर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी (त्रुटी कुठे कळवायची ते सांगणारी छोटी फाइल) असेल तर तिच्यातली मुदतीची तारीखही बघा.

मंजुरी पुल रिक्वेस्टवरच (बदल तपासून घेण्यासाठी गिटहबवर टाकतात त्या विनंतीवर) घ्या, चहाच्या गप्पांत नको. लिहिणाऱ्याने तो बदल स्वतः मर्ज करू नये, म्हणजे मूळ प्रतीत मिसळू नये. ज्यांची नावं मेलच्या यादीत आहेत त्या प्रत्येकाने स्वतः होकार नोंदवावा. कोणी गप्प राहिला तर फोन करून विचारा. गणपतीच्या आठवड्यात हे काढू नका. मर्ज झाल्यावर पुन्हा एकदा बाहेरच्या खात्यावरून मेल टाका, आणि पाच दिवसांत उत्तर येतं का पाहा.