रुग्ण-समुपदेशनाचे ऑनलाइन प्रशिक्षण : फार्मासिस्टनी या चुका टाळाव्यात

औषधाची मात्रा, घेण्याची पद्धत, दुष्परिणाम, साठवण आणि एखादी मात्रा चुकल्यास काय करावे, हे रुग्णाला समजावून सांगणे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आहे. ही यादी पाठ झाली म्हणजे समुपदेशन आले, असे समजणे ही ऑनलाइन शिकणाऱ्यांची पहिली चूक होय. व्हिडिओ पाहून आणि बहुपर्यायी प्रश्न सोडवून प्रमाणपत्र मिळते, पण काउंटरवर तोंड उघडायची वेळ आली की जीभ अडते.

दुसरी चूक याहून घातक आहे. सगळे सांगून झाल्यावर ‘समजलं ना?’ असे विचारले जाते, रुग्ण मान डोलावतो आणि निघून जातो. त्याऐवजी ‘ही गोळी घरी कशी घ्याल, ते मला एकदा सांगा,’ असे म्हणावे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून ‘कोणत्या वारी घेणार?’ असे विचारून तो वार पाकिटावर ठळक लिहावा.

बऱ्याच अभ्यासक्रमांची भाषा इंग्रजी असते आणि तिचा शब्दशः मराठी अनुवाद रुग्णापुढे टाकला की घोटाळा होतो. थायरॉइडची गोळी ‘उपाशीपोटी घ्या’ एवढेच सांगितले, तर आपल्याकडे अनेकांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हेच! तेव्हा ‘चहाच्याही आधी किमान अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर’ असे स्पष्ट सांगावे.

इनहेलरचे तंत्र नुसते पाहून येत नाही. फवाऱ्याच्या पंपाला हळू, खोल श्वास लागतो, तर पावडरच्या यंत्रात तो जोराने ओढावा लागतो. दोन्हींत श्वास सुमारे १० सेकंद रोखायचा आणि स्टेरॉइड असल्यास नंतर चूळ भरायची. वर्गात कॅमेरा बंद ठेवणाऱ्याची चूक प्रशिक्षकाला दिसतच नाही, म्हणून रिकामे सराव-यंत्र हाती घेऊन कॅमेऱ्यासमोर कृती करून दाखवावी.

‘गर्दीत वेळ कुठून आणायचा?’ ही तक्रार खरी आहे. अशा वेळी प्रत्येकाला थोडे थोडे सांगत बसण्यापेक्षा पहिल्यांदाच इन्सुलिन किंवा इनहेलर घेणारा आणि ज्याची मात्रा नुकतीच बदलली आहे असा रुग्ण, यांना दोन मिनिटे बाजूला बसवावे.