आपल्या भागातील टपाल वेळेवर पोहोचते का, हे कसे तपासावे

टपाल उशिरा येते ही तक्रार मुंबईतील जवळजवळ प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ऐकू येते. पण किती उशिरा येते, कोणत्या प्रकारचे टपाल उशिरा येते आणि ते नेमके कोठे अडकते, असे विचारले की सभा गप्प होते. मोघम तक्रारीवर टपाल कार्यालयालाही फारसे काही करता येत नाही. उलट तारखा, शिक्के आणि पाकिटे हाताशी ठेवून गेलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. गेली काही वर्षे मी आमच्या संस्थेच्या टपालाची नोंद ठेवतो आहे, आणि त्यातून जी पद्धत हाताशी आली ती येथे सविस्तर मांडतो.

या कामाला मी लागलो तो एका पत्रामुळे. माझ्या मुलीला मुलाखतीचे बोलावणे टपालाने आले होते. पत्र आमच्या हातात पडले १९ तारखेला, आणि मुलाखत १८ तारखेलाच होऊन गेली होती. मी ते पाकीट घेऊन तावातावाने आमच्या बटवडा कार्यालयात, म्हणजे आमच्या भागात घरोघर टपाल वाटणाऱ्या टपाल कार्यालयात गेलो. तेथील पोस्टमास्तर बाईंनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले, मग पाकीट उलटे केले आणि खिडकीच्या उजेडात धरून मला मागचा शिक्का दाखवला. पुढच्या बाजूला, तिकिटावर, पत्र टाकल्याचा शिक्का ११ तारखेचा होता. मागचा शिक्का फिकट होता, अर्धवट उमटला होता, पण १४ हा आकडा स्पष्ट वाचता येत होता. म्हणजे पत्र तीन दिवसांत आमच्या भागात पोहोचले होते. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की त्याच दिवशी ते आमच्या इमारतीतही आले होते आणि पुढचे पाच दिवस मीटररूममधल्या कट्ट्यावर वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली पडून होते. तळमजल्यावरच्या पत्रपेट्यांची झाकणे गंजून निखळली होती, त्यामुळे पोस्टमन सगळे टपाल रखवालदाराच्या हवाली करत असे. मुलीची संधी गेली ती गेलीच.

तेव्हापासून मी कोणत्याही उशिराचे चार भाग पाडून पाहतो: टपाल खात्याच्या पत्रपेटीतून पत्र निघेपर्यंतचा वेळ, वर्गीकरण आणि वाहतुकीतला वेळ, बटवडा कार्यालयात पोहोचल्यापासून पोस्टमनच्या हाती बाहेर पडेपर्यंतचा वेळ, आणि शेवटी आपल्याच इमारतीत गेलेला वेळ. सेवेचे मूल्यमापन करायचे म्हणजे या चारही भागांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा. एकूण दिवस मोजून थांबले तर दोष कोणाचा हे कधीच कळत नाही.

दिवस मोजण्याची रीत

प्रत्येक पत्रपेटीवर ती उघडण्याची वेळ लिहिलेली असते. पत्र टाकण्यापूर्वी ती वाचावी आणि दिवसातली शेवटची वेळ टळून गेली असेल, तर पत्र दुसऱ्या दिवशी टाकले असे धरावे. रविवार आणि टपाल खात्याच्या सुट्ट्या वगळाव्यात, आणि पत्र टाकल्याचा दिवस शून्य मानावा. समजा, शुक्रवारी रात्री आठ वाजता आपण पेटीत पत्र टाकले आणि ते मंगळवारी मिळाले. बोटांवर मोजले तर चार दिवस होतात. पण पेटी उघडली गेली शनिवारी, रविवार सुट्टीचा, सोमवार पहिला दिवस आणि मंगळवार दुसरा. हे पत्र दोन दिवसांत आले, आणि शहरातल्या शहरात साध्या पत्राला दोन दिवस लागणे यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

कोणत्या मुदतीशी तुलना करायची हेही आधी ठरवून ठेवावे. स्पीड पोस्टसाठी टपाल खात्याने जाहीर केलेली मुदत स्थानिक टपालाला एक ते दोन दिवस आणि एका महानगरातून दुसऱ्या महानगरात एक ते तीन दिवस अशी आहे. साध्या पत्रासाठी मी स्वतः मुंबईतल्या मुंबईत तीन कामकाजाचे दिवस ही मर्यादा धरतो. ती कोणाला सैल वाटेल, कोणाला कडक. पण एकदा धरली की चाचणी संपेपर्यंत बदलू नये.

चाचणीची पत्रे

साध्या पत्राचा माग काढता येत नाही, म्हणून त्याची चाचणी घ्यावी लागते. ही कल्पना माझी नव्हे. टपाल खातेही आपल्या सेवेची तपासणी करण्यासाठी चाचणीपत्रे पाठवते. घरगुती चाचणीसाठी पोस्टकार्डे उत्तम, कारण ती स्वस्त पडतात आणि शिक्का व मजकूर एकाच तुकड्यावर राहतो. चार आठवड्यांत निदान वीस पत्रे टाकावीत. ती सगळी एकाच पेटीत किंवा एकाच वारी टाकू नयेत. काही घराजवळच्या पेटीत, काही कार्यालयाजवळ, काही रेल्वे स्थानकाबाहेरच्या पेटीत आणि दोन-चार थेट टपाल कार्यालयाच्या पेटीत टाकावीत. काहींवर पत्ता मराठीत लिहावा, काहींवर इंग्रजीत. दोन-तीन पत्रे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या नातेवाइकांकडून मागवावीत. बोरिवलीची मावशी आणि गिरगावातला आतेभाऊ यांना आधी सांगून ठेवले, तर ते आनंदाने मदत करतात. पत्रावर ‘चाचणी’ असे काहीही लिहू नये आणि पोस्टमनलाही सांगू नये. त्याला पकडण्याचा यात हेतू नाही. रोजचे टपाल जसे येते तसेच हे यावे, एवढ्यासाठीच ही काळजी.

कार्डाच्या कोपऱ्यात अनुक्रमांक घालावा आणि त्याच क्रमांकासमोर वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात: पेटी कोठली, टाकल्याचा वार, तारीख व वेळ, पेटीवर लिहिलेली उघडण्याची वेळ, तिकिटावरच्या शिक्क्याची तारीख, पत्र इमारतीत आल्याची तारीख आणि ते हातात पडल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखा वेगळ्या ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण विसरतात. बटवडा कार्यालयाचा शिक्का आता प्रत्येक साध्या पत्रावर असेलच असे नाही. असेल तर तो सोन्यासारखा जपावा. पत्र टाकल्याची तारीख आणि पहिला शिक्का यांत दोन दिवसांचे अंतर दिसले, तर पेटी वेळेवर उघडली जात नाही असे समजावे. असे एकाच पेटीच्या बाबतीत तीनदा घडले, तर तक्रार त्या एका पेटीपुरतीच करावी. तिचा लगेच उपयोग होतो.

पत्त्याबाबत प्रामाणिक राहावे. अपुऱ्या पत्त्यावर पाठवलेले पत्र उशिरा आले, तर ती सेवेची परीक्षा होत नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली, याचा मला फार अभिमान वाटतो. पहिले तीन आकडे वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन बटवडा करणारे कार्यालय. मुंबईत जुनी मंडळी अजूनही ‘दादर, मुंबई २८’ असे लिहितात. ते २८ म्हणजेच ४०००२८ मधले शेवटचे आकडे आहेत. तरीही चाचणीच्या पत्रावर सहाही आकडे लिहावेत. पुनर्विकासात ज्या चाळींचे टॉवर झाले, त्यांच्या रहिवाशांनी इमारतीचे नवे नाव आणि विंग यांच्याबरोबर काही काळ जुने नावही लिहीत राहावे, कारण टपाल वाटणाऱ्याच्या डोक्यातला नकाशा जुन्या नावांवर चालतो.

वीस पत्रांचा निकाल लागला की सरासरी काढण्याचा मोह आवरावा. दहा पत्रांना २, २, २, ३, ३, ३, ३, ४, ४ आणि ११ दिवस लागले, तर सरासरी ३.७ येते आणि सेवा वाईट वाटते. पण आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधला आकडा ३ आहे आणि दहांपैकी सात पत्रे ठरवलेल्या मर्यादेत आली आहेत. म्हणून मधला आकडा आणि मर्यादेत आलेल्या पत्रांची संख्या या दोन गोष्टी लिहाव्यात, आणि ११ दिवसांच्या पत्राची स्वतंत्र चौकशी करावी. न आलेले पत्र यादीतून गाळू नये. ते ‘मिळाले नाही’ म्हणून शेवटी तसेच ठेवावे.

स्पीड पोस्टच्या नोंदी कशा वाचाव्यात

स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो: सुरुवातीला दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारताची खूण असलेली दोन अक्षरे. तो टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी, पिशवीत भरणे, रवानगी, प्राप्ती, वाटपासाठी बाहेर आणि पोहोच अशा टप्प्यांच्या वेळा दिसतात. दोन नोंदींमधले सर्वांत मोठे अंतर शोधावे. बटवडा कार्यालयात प्राप्त झाल्याची नोंद सकाळची असून वाटपाची नोंद दोन दिवसांनंतरची असेल, तर अडचण स्थानिक आहे. रवानगी आणि प्राप्ती यांतच दोन दिवस गेले असतील, तर आपल्या पोस्टमनला त्यासाठी बोल लावणे अन्यायाचे होईल.

नोंद खरी आहे का, हेही तपासावे लागते, आणि माझ्या मते गुणवत्तेची हीच खरी कसोटी आहे. घरात माणूस असताना ‘दार बंद’ असा शेरा पडणे हे एका दिवसाच्या उशिरापेक्षा गंभीर आहे, कारण त्यानंतर कोणत्याच नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. असा शेरा दिसल्यास त्याच दिवशी तो पडद्यावरून टिपून ठेवावा, सूचनेची चिठ्ठी मिळाली होती का हे लिहावे, आणि संस्थेच्या प्रवेशद्वारावर नोंदवही असेल तर त्या दिवशीचे पान पाहावे.

एक गैरसमज मात्र टाळावा. नेहमीचे स्पीड पोस्ट पत्त्यावर दिले जाते, ठरावीक व्यक्तीच्या हाती नव्हे. त्यामुळे शेजाऱ्याने किंवा रखवालदाराने सही करून ते घेतले असेल, तर ती चूक ठरत नाही. व्यक्तीच्याच हाती देण्याची सोय पूर्वी रजिस्टर्ड पोस्टात होती. २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, आणि आता ५ रुपये व कर जादा भरून स्पीड पोस्टालाच नोंदणीची जोड घेता येते. महत्त्वाची कागदपत्रे पाठवताना खिडकीवर ही जोड आठवणीने मागावी.

इमारतीचा भाग

आमच्या संस्थेने नव्या पत्रपेट्या बसवल्या, त्यांवर सदनिका क्रमांकाबरोबर आडनावे लावली आणि भाडेकरू बदलला की पट्टी बदलायची जबाबदारी एका सदस्यावर टाकली. पुढच्या चाचणीत इमारतीत आल्याची आणि हातात पडल्याची तारीख बहुतेक पत्रांबाबत एकच निघाली. तक्रार करण्यापूर्वी आपल्या तळमजल्याची अशी पाहणी प्रत्येकाने करावी. पावसाळ्यात पेट्या भिंतीच्या ओलीपासून दूर आहेत का हेही पाहावे. शाई पसरलेले पत्र ओल्या पिशवीतून आले की ओल्या पेटीतून, हे नंतर सांगता येत नाही.

चाचणीचा काळ निवडताना राखीपौर्णिमेच्या आधीचा पंधरवडा आणि दिवाळीचे दिवस वगळावेत. जुलै-ऑगस्टमध्ये चाचणी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण लोकल बंद पडल्याच्या किंवा पाणी तुंबल्याच्या दिवसांसमोर वहीत खूण करावी.

निकाल घेऊन कोठे जावे

प्रथम बटवडा कार्यालयाच्या पोस्टमास्तरांची वेळ मागावी आणि एका पानाचे टिपण व मूळ पाकिटे घेऊन जावे. दुपारनंतर गेलेले बरे. सकाळी वर्गीकरण आणि वाटपाची घाई असते. बोलताना आपल्या बीटचा, म्हणजे एका पोस्टमनकडे वाटपासाठी नेमून दिलेल्या भागाचा, पोस्टमन रजेवर होता का, बदली माणूस होता का, बीट मोठे झाले आहे का, हे आपणहून विचारावे. चाळीस खोल्यांच्या चाळीच्या जागी दोनशे सदनिकांचा टॉवर आला आणि वाटणारा माणूस एकच राहिला, तर उशिराचे कारण त्याच्या पायांत नसते, आणि ही गोष्ट रहिवाशांनी लेखी मांडली तर ती वरिष्ठांपर्यंत नेणे पोस्टमास्तरांनाही सोपे जाते.

तेथे काम झाले नाही, तर टपाल खात्याच्या संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. त्यानंतर केंद्र सरकारचे सार्वजनिक तक्रार निवारण संकेतस्थळ आणि ठरावीक काळाने भरणारी डाक अदालत, म्हणजे टपालाच्या तक्रारी ऐकण्यासाठी खात्यानेच भरवलेली सभा, हे मार्ग आहेत. डाक अदालतीत जुन्या तक्रारीचा क्रमांक आणि तारखा विचारल्या जातात, म्हणून आधीच्या पायऱ्या गाळू नयेत. तक्रारीत एका वेळी एकच मुद्दा, त्यासोबत पत्रांचे अनुक्रमांक आणि तारखा एवढेच असावे.

सुधारणा झाल्याचे सांगितले गेले, तर दोन महिने जाऊ द्यावेत आणि त्याच पेट्यांतून, त्याच वारी, पुन्हा सहा कार्डे टाकावीत. ती आली की पहिल्या वहीतच, जुन्या नोंदींच्या खाली, त्यांच्या तारखा लिहाव्यात.