बाईंच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करताना

नावाजलेल्या प्राध्यापिकेचे निधन झाले की माजी विद्यार्थी एकत्र येतात, शोकसभेत कोणीतरी 'बाईंच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करू या' असे सुचवतो आणि सभागृहातच देणग्यांचे आकडे बोलले जातात. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत काय लिहून ठेवले जाते यावर ती शिष्यवृत्ती तीस वर्षे चालणार की तीन वर्षांत विस्मरणात जाणार, हे ठरते. ज्यांच्यावर ही जबाबदारी येऊन पडली आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन असून, उदाहरण म्हणून जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र समोर ठेवले आहे, कारण संशोधक आणि अध्यापक या दोन्ही नात्यांनी त्यांच्यासारखी व्यक्ती मराठी वाचकाला वेगळी ओळख करून देऊन सांगावी लागत नाही.

सर्वप्रथम शिष्यवृत्तीचा उद्देश एका वाक्यात लिहावा, आणि ते वाक्य त्या व्यक्तीच्या आयुष्यातून यावे. 'गरीब व हुशार विद्यार्थिनींना मदत' हा उद्देश चांगला असला तरी तो कोणाच्याही नावाखाली छापता येतो. कमलाबाई १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा त्यांच्या गुणांबद्दल कोणाला शंका नव्हती. त्या स्त्री आहेत एवढ्यावरून संस्थेचे तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे होते आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशीही ताकीद होती. वर्षभराने त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. केंब्रिजमध्ये डॉ. डेरेक रिश्टर यांनी त्यांना दिवसा काम करण्यासाठी स्वतःचे टेबल दिले आणि तिथेच, पुढे रॉबिन हिल यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनात भाग घेणारे प्रथिन असल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. या चरित्रातून उद्देशाचे वाक्य असे निघू शकेल : 'पदवीनंतर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष संशोधन करू इच्छिणाऱ्या, पण जागा, ओळख किंवा पैसा नसल्यामुळे दाराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थिनीस पहिल्या वर्षी आधार देणे.' या वाक्यातूनच पात्रता, रक्कम आणि निवडीची पद्धत ठरत जाते.

याच टप्प्यावर परिचयपत्रही तपासून घ्यावे, कारण एकदा छापलेली चूक दरवर्षी पुन्हा छापली जाते. कमलाबाईंचेच जन्मवर्ष कुठे १९११ तर कुठे १९१२ असे आढळते, म्हणून अशा तपशिलासाठी घरच्या कागदपत्रांचा आधार घ्यावा. 'पहिली भारतीय महिला' हे शब्द विशेष सावधपणे वापरावेत. विज्ञानात पीएच. डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा कमलाबाईंचा उल्लेख केला जातो, परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी. एस्सी., म्हणजे विज्ञानातील डॉक्टरेटच, १९३१ मध्येच मिळाली होती. मोठेपणा क्रमांकावर अवलंबून नसतो, त्यामुळे शंका असेल तेथे नेमके काम सांगावे. नीरेच्या पोषणमूल्यावरील ज्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह त्यांनी जे काम उभे केले, आणि निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत अन्नभेसळीविरुद्ध जे लेखन केले, ते कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक बोलके आहे. कुटुंबीयांची लेखी संमती आणि नावाचे नेमके रूप याच वेळी मिळवावे.

आता पैशाचा विचार. शिष्यवृत्ती कायम चालावी असे वाटत असेल तर मुद्दल राखून व्याजच वाटावे लागते, आणि व्याजही सगळे वाटून चालत नाही. समजा, दहा लाख रुपये जमले आणि सात टक्के दराने वर्षाला सत्तर हजार रुपये व्याज आले. ते पूर्ण वाटले तर रक्कम दहा वर्षांनीही सत्तर हजारच राहील, मात्र तेवढ्या काळात वसतिगृहाचे आणि खानावळीचे दर वाढलेले असतील. त्याऐवजी व्याजाचे सात भाग मानून पाच वाटले व दोन मुद्दलात मिळवले तर पहिल्या वर्षी पन्नास हजार देता येतात आणि दहा वर्षांत मुद्दल साधारण १२ लाख १९ हजारांवर जाते. ही वाढ महागाईला पुरी पडणारी नाही, पण निधीची झीज तेवढी कमी होते. जमलेली रक्कम दोन-तीन लाखच असेल तर कायमनिधीचा आग्रह सोडावा, पाच वर्षांची मुदत स्पष्ट जाहीर करावी आणि मुद्दलासह सगळे पैसे त्या काळात विद्यार्थिनींपर्यंत पोहोचवावेत. चौदा हजारांची शिष्यवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या देत बसण्यापेक्षा मला हे अधिक प्रामाणिक वाटते. परतफेडीचा तिसरा मार्गही आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली उच्चशिक्षणाची योजना कर्जाऊ स्वरूपाची होती आणि तिचा लाभ घेणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यांत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. परंतु वसुलीची यंत्रणा सांभाळणे लहान गटाला झेपत नाही.

पैसे कोणाकडे ठेवायचे, यावर बैठकीत सर्वाधिक वाद होतात. केवळ एका शिष्यवृत्तीसाठी स्वतंत्र न्यास नोंदवणे क्वचितच शहाणपणाचे ठरते, कारण धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि विश्वस्तबदलांची नोंद ही कामे वीस वर्षे कोणाला तरी करावी लागतात. बाईंनी जेथे शिकवले त्या महाविद्यालयाकडे किंवा विद्यापीठाकडे, अथवा आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या शैक्षणिक न्यासाकडे, स्वतंत्र नावाचा निधी म्हणून रक्कम सोपवणे सोयीचे असते. मात्र ती नुसत्या पावतीवर सोपवू नये, करारपत्र करावे. मी ज्या एका समितीवर होतो तेथे असे पत्र केलेच नव्हते. प्राचार्य बदलल्यावर निधी सर्वसाधारण खात्यात मिसळला गेला, आणि आमचे पैसे कोणते हे ठरवण्यातच दोन वर्षे गेली. करारपत्रात निधीचे नाव, उद्देश, मुद्दलाला हात न लावण्याची अट, निवड समितीची रचना, दरवर्षी हिशेब देण्याची तारीख आणि तो अभ्यासक्रम बंद पडल्यास निधी कोणत्या जवळच्या विषयाकडे वळवायचा, एवढे असावेच. देणगीदारांना आयकरातील सवलत, म्हणजे ज्याला आपण सवयीने ८०जी म्हणतो ती, हवी असल्यास संस्थेकडे तशी मान्यता आहे का ते आधी पाहावे आणि दोन हजारांहून अधिक रक्कम रोख घेऊ नये, कारण रोखीवर ती सवलत मिळत नाही.

परदेशातील माजी विद्यार्थी हा वेगळा विषय आहे आणि येथे चूक महागात पडते. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने परदेशातून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी कायद्याच्या दृष्टीने विदेशी योगदान ठरत नाही. परंतु ज्यांनी अमेरिकेचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही, विदेशी योगदान ठरते आणि ती एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. म्हणून 'सगळ्यांनी माझ्या खात्यात पाठवा, मी एकत्र भरतो' ही सूचना कितीही सद्‌भावनेने आलेली असली तरी नाकारावी.

पात्रतेच्या अटी जेवढ्या कमी तेवढे बरे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, एका शिक्षकाचे पत्र आणि विद्यार्थिनीने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एक पान पुरेसे आहे. हे पान मराठीत लिहिण्याची मुभा अर्जावरच छापावी. किमान गुणांची अट नव्वद टक्क्यांवर नेली की इतर बक्षिसे मिळवणारी मुलगीच येथेही पहिली येते. काही सरकारी योजनांत दुसरी शिष्यवृत्ती घेण्यास मनाई असते, म्हणून अर्जात तसा प्रश्न असावा. नाहीतर आपल्या मदतीमुळे तिची मोठी मदत बंद व्हायची. निवड समितीत तीन किंवा पाच सदस्य असावेत, त्यांतील एक तरी संस्थेबाहेरचा असावा, आणि अर्जदार नात्यातली असल्यास त्या सदस्याने बाजूला होण्याचा नियम लेखी असावा.

वेळापत्रकाकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते. विद्यार्थिनीला पैसे लागतात ते जून ते ऑगस्टमध्ये, वसतिगृहाची अनामत, प्रवेशशुल्क आणि पुस्तके एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा. बहुतेक संस्था धनादेश देतात तो जानेवारीतील स्नेहसंमेलनात, पाहुण्यांच्या हस्ते, छायाचित्रासह. अर्ज एप्रिलमध्ये मागवावेत, निकाल लागताच निवड करावी आणि रक्कम थेट तिच्या बँक खात्यात भरावी. सत्कार हवाच असेल तर जानेवारीत प्रमाणपत्र द्यावे. दुसऱ्या वर्षाचा हप्ता एका विषयात नापास झाल्यावरून लगेच थांबवू नये. आधी मार्गदर्शकाशी बोलून कारण समजून घ्यावे. ज्यांना स्वतःला वर्षभर परीक्षाधीन ठेवले गेले होते त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आणखी एक परीक्षाधीन वर्ष लादणारी नसावी.

शेवटी, बाई केवळ संशोधक नव्हत्या तर घडवणाऱ्या होत्या, याची सोय निधीच्या नियमांतच करावी लागते. प्रत्येक विजेतीला बाईंच्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक व्यक्ती नेमून द्यावी, जिने वर्षातून किमान चार वेळा तिच्याशी बोलावे, उन्हाळ्यातील प्रकल्पासाठी प्रयोगशाळा मिळवून द्यावी आणि शिफारसपत्र लिहावे. प्रकल्पासाठी प्रवास व रसायनांचा खर्च म्हणून पाच-सात हजार रुपये वेगळे ठेवता आले तर उत्तमच, कारण दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत जागा मिळूनही भाड्याअभावी न गेलेल्या मुली प्रत्येक विभागात असतात. ज्या अर्जदारांची निवड झाली नाही त्यांनाही कारणासह पत्र पाठवावे आणि त्यांची नावे, त्यांची परवानगी घेऊन, या मार्गदर्शकांकडे द्यावीत; रिश्टर यांनी दिलेल्या टेबलाला पैसे पडले नव्हते.