वाळूजहून सिंगल सीटरपर्यंत : रेसिंगमध्ये येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर इकडच्या मुली मला मेसेज करतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे वडील. "पोरगी गाडी लई भारी चालवती, रेसिंगमध्ये घालायचंय, कुठं न्यावं?" कार्टिंग (छोट्या, उघड्या गाडीची शर्यत), मग फॉर्म्युला एलजीबी ४ या सिंगल सीटरची, म्हणजे एकाच माणसाच्या, उघड्या चाकांच्या रेसिंग गाडीची राष्ट्रीय स्पर्धा, मग त्याच्या वरच्या फॉर्म्युला ४ ची टेस्ट, असा माझा प्रवास झाला. सध्या मी एका रेसिंग टीममध्ये डेटा इंजिनिअर आहे, म्हणजे आता दुसऱ्यांच्या लॅपचे (ट्रॅकवरच्या फेऱ्यांचे) आकडे वाचते. हे क्षेत्र दोन्ही बाजूंनी पाहिल्यामुळे काही गोष्टी ठामपणे सांगता येतात.

समृद्धीवर गाडी किती पळवली याचा इथे काही उपयोग नाही. तिथे १२० ची मर्यादा आहे आणि ती पाळायचीच. सरळ रस्त्यावर पाय दाबून ठेवणं कुणालाही जमतं. ट्रॅकवर वेळ कमावला जातो तो ब्रेक कुठे मारला, वळणात शिरताना तो कसा हळूहळू सोडला आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटरवर पाय किती लवकर आला, यात.

ज्युनियर सिंगल सीटरच्या एका मालिकेत सगळ्यांची चेसिस (गाडीचा सांगाडा) सारखी, इंजिन सारखं, टायर सारखे. बदलता येतात त्या बारीक गोष्टी : टायरमधली हवा, अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी), कॅम्बर (चाकाचा उभा कल), विंग (हवेच्या दाबाने गाडी खाली दाबणारा पंख) असेल तर तिचा कोन. आणि यातलं काय बदलायचं हे ड्रायव्हर पिटमध्ये (ट्रॅकशेजारी टीम गाडीवर काम करते तिथे) येऊन काय सांगते त्यावर ठरतं. म्हणून माझं सगळ्यात पक्कं मत असं, की नवीन मुलीने वेगाच्याही आधी गाडीबद्दल नेमकं बोलायला शिकावं. "गाडी नीट वाटत नाही" एवढ्यावर इंजिनिअरला काही करता येत नाही. "तिसऱ्या वळणात ब्रेक सोडेपर्यंत ठीक आहे, ॲक्सिलरेटर दिला की पुढची चाकं बाहेर सरकतात, आणि टायर तापल्यावरच असं होतं" हे ऐकलं की तो लगेच पाना उचलतो.

ही सवय मला घरातून मिळाली. पप्पा संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीच्या टूलरूममध्ये होते. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, त्याच्या मागोमाग ब्रेक, शॉक ॲब्जॉर्बर, कास्टिंग, मशीनिंग करणारे आले, पुढे शेंद्र्याला स्कोडा आली. आमच्या शहरात कितीतरी घरांत जेवताना मशीनवर केलेला जॉब (सुटा भाग) रिजेक्ट का झाला यावर बोलणं चालतं. कार्ट एका बाजूला ओढतंय अशी तक्रार मी केली की पप्पांचे तीन प्रश्न ठरलेले असायचे : "कुठं? किती? कधीपासून?" उत्तर आलं नाही तर मला परत ट्रॅकवर धाडायचे. तीच तीन उत्तरं मी प्रत्येक सेशननंतर वहीत लिहू लागले, आणि टीमने माझ्याशी दुसऱ्या हंगामासाठी बोलणी केली तेव्हा त्यांच्या इंजिनिअरने आधी त्या वहीचं नाव काढलं. आज मी स्वतः त्या खुर्चीत बसते आणि मुलींकडून हेच शोधत असते.

कार्टिंग टाळून थेट फॉर्म्युला कारमध्ये बसता येतं, पण मी तसं सुचवणार नाही. रोटॅक्सचं १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन असलेल्या कार्टला सस्पेन्शन नसतं आणि मागे डिफरन्शियलही (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच घट्ट ॲक्सलवर बसवलेली. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं, बाहेरच्याला जास्त. दोन्ही एकाच गतीने फिरली तर कार्ट सरळच जायला बघतं. म्हणून वळणात आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जावं लागतं. स्टिअरिंग फिरवलं की कॅस्टरच्या कोनामुळे (पुढचं चाक ज्या आसावर वळतं तो मागे झुकलेला असल्यामुळे) पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, फ्रेम पिळली जाते आणि मागचं आतलं चाक वर येतं. ते लवकर खाली टेकलं तर इंजिन दबल्यासारखं होतं, आवाज खाली येतो. उशिरा टेकलं तर मागची बाजू घसरते. हे डोळ्यांना दिसत नाही, कंबरेला आणि कानाला कळतं. सीट थोडी मागेपुढे सरकवली तरी हे सगळं बदलतं. हे ज्या मुलीला कार्टमध्ये कळलं तिला पुढे कुठल्याही गाडीत काय चाललंय ते सांगता येतं.

मराठवाड्यात राष्ट्रीय स्पर्धेच्या दर्जाचा ट्रॅक नाही. मॉलमधलं किंवा रिसॉर्टमधलं भाड्याचं कार्ट आवड आहे का ते बघण्यापुरतं ठीक. खरा सराव करायचा तर कोल्हापूरला मोहिते रेसिंगकडे, बंगळुरूजवळ मेको कार्टोपियाला किंवा चेन्नईला जावं लागतं. आम्ही अजिंठा एक्स्प्रेसने सिकंदराबादपर्यंत आणि तिथून पुढे चेन्नई असे जायचो, हेल्मेटची बॅग मांडीवर आणि शाळेचं दप्तर सीटखाली. मधल्या महिन्यांत ट्रॅक मिळत नाही, तेव्हा सिम्युलेटर उपयोगी पडतो. स्टिअरिंग साधं चालेल, ब्रेक पेडल मात्र लोड सेलचं घ्या, म्हणजे ते किती सरकलं याऐवजी तुम्ही किती जोर लावला हे मोजेल. खऱ्या गाडीत पायाला तेच शिकायचं असतं.

स्पर्धेत उतरायला एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचं लायसन्स लागतं. त्यासाठी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आणि वय अठराच्या आत असेल तर पालकांची संमती. आरटीओच्या लायसन्सशी याचा संबंध नाही. फॉर्म्युला ४ तर पंधराव्या वर्षीच चालवता येते.

कार्टनंतर आपल्याकडे सगळ्यात परवडणारी पायरी म्हणजे फॉर्म्युला एलजीबी ४. मारुतीचं १३०० सीसी इंजिन, हाताने टाकायचे गिअर, विंग नाही. विंग नसल्यामुळे गाडीला हवेचा दाब मिळत नाही, जी काही पकड असेल ती टायरची. गिअर खाली टाकताना उजव्या पायाच्या पंजाने ब्रेक आणि त्याच वेळी टाचेने ॲक्सिलरेटरला हलका धक्का द्यावा लागतो, नाहीतर मागची चाकं अडकतात. या स्पर्धा मुख्यतः कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होतात. हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे. एस. करिवर्धन यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. त्यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चं इंजिन वापरून स्वस्तातली सिंगल सीटर बनवली होती, आणि नारायण कार्तिकेयनसारख्या मुलांना भारतातच शिकायला गाडी मिळाली ती त्यामुळे. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. ट्रॅकवर पहिल्यांदा गेलात की त्यांच्या गाडीचे जुने फोटो कुणाला तरी दाखवायला सांगा.

पुढची पायरी फॉर्म्युला ४. भारतात ही मालिका २०२३ पासून सुरू आहे. फ्रान्सच्या मिगालची कार्बन फायबर चेसिस, डोक्यावर हेलो (डोकं वाचवणारं कडं), स्टिअरिंगमागे गिअरचे पॅडल, खाचा नसलेले स्लिक टायर, विंग. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. इथे पहिल्यांदा शरीर कमी पडल्याचं कळतं. डाव्या पायाने ब्रेकवर एकदम पूर्ण जोर टाकायचा आणि मग तो सोडत सोडत वळणात शिरायचं; मान, दंड आणि मनगटं शेवटच्या लॅप्समध्ये बोलायला लागतात. त्यात चेन्नईचा ट्रॅक. आपण मे महिन्यातलं कोरडं ऊन सोसलेलं असतं, पण तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि अंगात तीन थरांचे आगरोधक कपडे असतात. मानेचा आणि पायांचा व्यायाम वर्षभर आधी सुरू करा. वजन उचलायला घाबरू नका. "हात पुरुषासारखे होतील" असं सांगणारी एक तरी मावशी किंवा आत्या भेटतेच, तिचं ऐकू नका.

मुली हलक्या असतात म्हणून त्यांना फायदा होतो, हेही खरं नाही. किमान वजन ड्रायव्हरसकट मोजलं जातं. तुम्ही हलक्या असाल तर तेवढं शिसं गाडीला बोल्टने बसवतात.

सीट ओतणं हा प्रकार बहुतेक मुलींना माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. फॉर्म्युला कारमध्ये तयार सीट नसते. रेसिंग सूट घालून तुम्ही रिकाम्या कॉकपिटमध्ये बसता, पाठीमागे प्लास्टिकची मोठी पिशवी असते, मेकॅनिक त्यात दोन द्रव एकत्र करून ओततो. काही क्षणांत फेस फुगायला लागतो, गरम होतो आणि पाठीला, कंबरेला, बरगड्यांना दाबून घट्ट होतो. तो वाळेपर्यंत हलायचं नाही. आणि नेमकं याच वेळी मुली लाजून गप्प बसतात. आजूबाजूला सगळे पुरुष, कंबरेचं मोजमाप चाललेलं, पेडल जरा लांब वाटतंय पण बोलायचं कसं! तिथेच बोला. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे, कोपर कुठे अडकायला नको, पट्टे छातीवर नीट बसायला हवेत. गरज पडली तर दुसऱ्यांदा ओता म्हणा. ही सीट पूर्ण हंगाम तुमच्या पाठीशी राहणार आहे. आतून नायलॉनची किंवा तारेची ब्रा घालू नका, आगीच्या उष्णतेने नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. सुती किंवा आगरोधक घ्या. पाळीच्या दिवसांत एका तुकड्याचा सूट काढून पुन्हा घालायला वेळ लागतो आणि स्वच्छतागृह पॅडॉकच्या (ट्रॅकवरच्या टीमच्या तळाच्या) दुसऱ्या टोकाला असू शकतं. सेशनचं वेळापत्रक हातात आलं की ही जागा आधी शोधून ठेवा आणि टीम मॅनेजरला सरळ सांगा. चांगल्या टीममध्ये याचं कुणाला काही वाटत नाही.

मुलींसाठी आज जो रस्ता आहे तो मी सुरुवात केली तेव्हा नव्हता. फक्त महिलांची डब्ल्यू सिरीज ही शर्यतमालिका २०१९ मध्ये आली, जेमी चॅडविकने तिन्ही विजेतेपदं घेतली आणि २०२२ मध्ये पैशांअभावी ती बंद पडली. २०२३ मध्ये एफ१ अकॅडमी ही तशीच महिलांची मालिका सुरू झाली. तिथली गाडी फॉर्म्युला ४ च्याच पातळीची आहे, त्यामुळे इथे फॉर्म्युला ४ मध्ये जे शिकाल ते तिथे जसंच्या तसं कामाला येतं. २०२४ ची विजेती ॲबी पुलिंग त्याच वर्षी ब्रिटिश फॉर्म्युला ४ ची शर्यत जिंकणारी पहिली महिला ठरली, आणि ती शर्यत मुलांसोबतची होती. मला ही बातमी तिच्या विजेतेपदापेक्षाही मोठी वाटते. आपल्याकडे वडोदऱ्याच्या मीरा एर्डाने कार्टिंगपासून फॉर्म्युला ४ गाठलं, स्नेहा शर्माने विमान चालवण्याची नोकरी सांभाळून फॉर्म्युला कार चालवली, पुण्याच्या डायना पंडोले २०२४ मध्ये सलून कारच्या (छपराच्या, रस्त्यावरच्यासारख्या गाड्यांच्या) गटात राष्ट्रीय विजेत्या झाल्या. इंडियन रेसिंग लीगमध्ये प्रत्येक टीमला एक महिला ड्रायव्हर घ्यावीच लागते.

आता पैसे. एफ१ अकॅडमीच्या पहिल्या हंगामात प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचे दीड लाख युरो आणावे लागले होते, आणि ती सवलतीची किंमत होती. युरोपातला फॉर्म्युला ४ चा हंगाम काही लाख युरोंत जातो. शेत विकून यात पडू नका, हे मी प्रत्येक वडिलांना सांगते. एलजीबीपर्यंतचा खर्च जमवता येतो, तिथे निकाल आले तरच पुढचं बघा. माझा पहिला प्रायोजक जालन्याचा एक बियाणे विकणारा व्यावसायिक होता. गाडीवर नाव रंगवून त्यांना काय मिळणार, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. मी विचारलं, "काका, तुमच्या डीलर मेळाव्याला कार्ट घेऊन येऊ का?" हॉलबाहेर कार्ट उभं केलं. अंबड, परतूर, घनसावंगीचे दुकानदार एकेक करून त्यात बसले, फोटो काढले, सायलेन्सरला हात लावून बघितला. एका आजोबांनी विचारलं, "माय, हे पलटी होत नाही का?" मी त्यांना जमिनीपासूनची उंची दाखवली, वजन किती खाली आहे ते समजावलं. त्या संध्याकाळी काकांनी टायरचे पैसे दिले, आणि पुढच्या वर्षीही दिले. इकडच्या व्यावसायिकाला त्याच्या माणसांसमोर उभं राहून बोलणारी मुलगी हवी असते. म्हणून मराठीत, सोप्या शब्दांत आपला खेळ सांगता आला पाहिजे.

शिक्षण सोडू नका. आपल्या भागात दहावी-बारावी म्हणजे लातूरचे क्लास, आणि फॉर्म्युला कारची वयंही नेमकी तीच. राष्ट्रीय हंगाम साधारण पावसाळ्यापासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे बोर्डाची परीक्षा वाचते, पण क्लासच्या टेस्ट बुडतात. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांना स्पर्धांच्या तारखा लेखी द्या. गणित आणि भौतिकशास्त्र जपा. ड्रायव्हरची सीट सगळ्यांना मिळत नाही, पण डेटा, टायर, मेकॅनिक, स्क्रुटिनियर (गाडी नियमात बसते का ते तपासणारा) या जागांवर मुली फार कमी आहेत आणि काम भरपूर आहे. इंजिनिअरिंगला गेलात तर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठीच्या कॉलेजच्या टीममध्ये शिरा. गाडी स्वतः बनवून कारीवर नेता येते.

टीमशी बोलणी करताना सही करण्याआधी विचारा : या रकमेत टेस्टिंगचे दिवस किती, नवीन टायरचे सेट किती, इंजिनिअर माझ्या एकटीचा की दोघींमध्ये एक, माझा डेटा मला घरी न्यायला मिळेल का, वेगवान ड्रायव्हरच्या डेटाशी तो ताडून बघता येईल का. आणि गाडी ठोकली तर? नुकसानाची कमाल रक्कम किती, दुसऱ्याने मागून धडक दिली तरी बिल माझ्यावरच येणार का, सुट्या भागांचा दर कोण ठरवणार, हे कागदावर लिहून घ्या. फोनवरच्या "बघू नंतर" वर गाडीत बसू नका.