‘सीसी पार्सर.ओ’, बस्स, एवढंच दिसत होतं

बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधणं, चालताना त्यातल्या कमांड स्क्रीनवर दाखवाव्यात की लपवाव्यात, यात मी ‘दाखवा’वाला. त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही. पहिल्या नोकरीत माझे तीन दिवस पाण्यात गेले आणि ती चरचर अजून गेलेली नाही.

सीमधला मध्यम आकाराचा प्रकल्प होता. बिल्ड ‘मेक’ या साधनानं चालायचा; त्याच्या कमांड जिथे लिहितात ती मेकफाइल आधीच्या कुणीतरी ‘नीटनेटकी’ करून ठेवलेली. प्रत्येक कमांडच्या आधी ॲटचं चिन्ह (@), म्हणजे मेक ती छापत नाही. छापायचं ते फक्त ‘सीसी पार्सर.ओ’, ‘सीसी टेबल.ओ’. दिसायला अगदी लिनक्स कर्नलच्या बिल्डसारखं; पण कर्नलमध्ये व्ही=१ दिलं की पूर्ण कमांड दिसते. इथे तशी काही सोय नव्हती.

मला डीबगर लावायचा होता. एका फाइलीत दोन ओळी बदलल्या आणि ‘मेक सीफ्लॅग्ज=-जी’ असं चालवलं. सीफ्लॅग्ज म्हणजे कंपायलरला द्यायचे पर्याय, -जी म्हणजे डीबगरला लागणारी माहिती घाल. आता हे सावकाश वाचा. मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्जला += करून (आधीच्यात भर घालून) एक -डी जोडलेला होता; कोडमधले ऐच्छिक भाग त्यानं चालू होतात. मला वाटलं, माझा -जी त्यातच मिसळेल. मिसळत नाही! कमांड लाइनवर दिलेलं व्हेरिएबल मेकफाइलमधल्या नेमणुकीवर मात करतं, अगदी += असलं तरी; तिथे ‘ओव्हरराइड’ लिहिलेलं असेल तरच नाही. थोडक्यात, माझ्या -जीनं तो -डी उडवला.

बरं, सगळीकडून उडाला असता तरी चाललं असतं. पण मेक फाइलींच्या फक्त वेळा बघतं, कमांड बदलली का ते बघत नाही. म्हणून मी हात लावलेली एकच फाइल -डीशिवाय कंपाइल झाली, बाकीच्या जुन्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन बनलेल्या .ओ) -डीसकट तशाच राहिल्या. आणि त्या -डीवर एका स्ट्रक्टमधलं, म्हणजे एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटातलं, एक फील्ड अवलंबून होतं. एका फाइलीच्या हिशेबानं स्ट्रक्ट ४० बाइटचं, बाकीच्यांच्या हिशेबानं ४८. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो, त्या फाइली जोडणारा लिंकर नावं जुळवतो, स्ट्रक्टचे आकार नाही. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही, आणि प्रोग्रॅम भलतीकडेच कोसळतोय.

सीनियर म्हणाले, ‘क्लीन करून बघ.’ केलं, म्हणजे बांधलेलं सगळं पुसलं. साध्या मेकनं बांधलं, कोसळणं थांबलं. पुन्हा दोन ओळी बदलून -जी दिला, पुन्हा कोसळला. दुसऱ्या दिवशी मी कंपायलरवरच संशय घेत होतो, आज हसू येतं. तिसऱ्या दिवशी वैतागून सगळे ॲट काढले. दोन कमांड एकाखाली एक आल्या आणि दहा सेकंदांत कळलं. ‘क्लीन करून बघ’ हे ज्याचं पहिलं आणि शेवटचं उत्तर असतं, त्याच्याकडून बिल्ड शिकू नका, असं माझं ठाम मत आहे. क्लीननं पुरावाच पुसला जातो.

खरं तर ॲट काढायचीही गरज नव्हती. ‘मेक -एन’ काहीही न चालवता कमांड छापतं, ॲटवाल्यासुद्धा. सोबत -बी (कॅपिटल) दिलं की सगळ्याच फाइलींच्या. नेहमी देता तेच पर्याय सोबत द्या, नाहीतर भलतीच कमांड दिसेल. हे मला नंतर कळलं.

घाबरू नका, रोज तो ओळींचा लोंढा वाचत बसायचं नाही. इन्क्लूडचे लांबलचक पाथ आले की त्यात खरी वॉर्निंग बुडते. माझीही बुडली आहे, तेव्हा लपवणारे अगदीच चुकीचे नाहीत. मला निंजा या दुसऱ्या बिल्ड-साधनाचं वागणं पटतं: एरवी एकच ओळ हलत राहते, काही फसलं की त्याची पूर्ण कमांड आणि आउटपुट समोर, -व्ही दिलं तर सगळंच. शिवाय कमांड बदलली तर ते फाइल पुन्हा बांधतं, म्हणजे माझा खड्डाच बुजला. इतर साधनांत पूर्ण कमांड बघायला सीमेकच्या मेकफाइलींना व्हर्बोज=१ लागतं, ऑटोमेकला व्ही=१, रस्ट भाषेच्या कार्गोला -व्ही. आपल्या प्रकल्पात काय चालतं ते पहिल्याच दिवशी करून बघा.

सर्व्हरवरच्या बिल्डचा लॉग मात्र पूर्णच हवा, तिथे मी ऐकत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणातही बिल्ड शक्य तितका बोलका असावा असं आहे; सुरक्षेचे फ्लॅग खरंच लागले का, हे तिथे लॉगमधल्या कमांडवरून तपासलं जातं. दोन किरकोळ गोष्टी. लॉग ‘टी’मधून (आउटपुट स्क्रीनवर आणि फाइलीत दोन्हीकडे पाठवणारी कमांड) वळवलात तर बिल्ड फसला तरी शेलला ‘टी’चं यश दिसतं, बॅशमध्ये पाइपफेल लावा. आणि -जे देऊन, म्हणजे एका वेळी अनेक कामं चालवून, आउटपुटची खिचडी होत असेल तर ग्नू मेक ४.० पासून, म्हणजे २०१३ पासून, एकेका कामाचं आउटपुट एकत्र ठेवणारा -ओ आहे (कॅपिटल).

त्या मेकफाइलमधले ॲट मी काढलेले; पुढच्या आठवड्यात कुणीतरी परत घातले, ‘स्क्रीन स्वच्छ दिसते’ म्हणून. मी भांडलो नाही. व्ही=१ ची सोय तेवढी घालून घेतली.