आयईएलटीएसची बॅच पहिल्यांदा घेणार असाल तर

कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्याला कधी ना कधी विचारणा होतेच, "मॅडम, शेवटच्या वर्षाच्या मुलांची आयईएलटीएसची तयारी घ्याल का?" आयईएलटीएस म्हणजे परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा. तुम्ही हो म्हणालात असं धरून लिहिते. पुण्यात मी अशा बॅच घेते. मुलं बहुतेक बीएस्सी आणि इंजिनिअरिंगची, त्यातली बरीच दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. त्यांचं इंग्रजी कच्चं आहे असं गृहीत धरून पहिल्याच दिवशी काळ आणि वचन काढून बसू नका. अकरावीपासून ही मुलं इंग्रजी पुस्तकंच वाचत आलेली असतात. नडतात त्या परीक्षा द्यायच्या सवयी, आणि त्या लावल्यात आपणच.

वाचनाचा पेपर म्हणजे तीन उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. आपला विद्यार्थी पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो, प्रत्येक अडलेल्या शब्दापाशी थांबतो आणि तिसऱ्या उताऱ्यापर्यंत पोचतो तेव्हा हातात दहा मिनिटं उरलेली असतात. त्याला आधी परिच्छेदांच्या सुरुवाती चाळायला लावा, मग प्रश्न, मग उत्तर जिथे असेल तेवढाच भाग बारकाईने. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनची, म्हणजे उताऱ्यानुसार खरं, खोटं की उताऱ्यात उल्लेखच नाही हे ठरवायची, विधानं उताऱ्याच्या क्रमानेच येतात. एवढं कळलं तरी शोधाशोध बरीच कमी होते. चुकलेल्या उत्तराला उणे गुण नाहीत, त्यामुळे जागा रिकामी ठेवायची नाही.

खरी गोची होते ती या नॉट गिव्हनपाशी, आणि हुशार मुलांचीच जास्त. मी एक छोटा उतारा तयार करून ठेवलाय. त्यात एवढंच लिहिलंय, की ११ डिसेंबर १९६७ला कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर कोयना धरणाची मजबुती करण्यात आली. खाली विधान, 'धरणातल्या पाणीसाठ्यामुळे हा भूकंप झाला.' सातारा-कराडकडचं कोणी वर्गात असेल तर ट्रू म्हणून मोकळं होतं. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी तर तावातावाने भांडतो, कारण बहुतेक शास्त्रज्ञ खरंच तसं मानतात! पण उताऱ्यात कारणाचा उल्लेखच नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. विद्यापीठाच्या परीक्षेत माहीत आहे ते सगळं ओतायचं असतं, इथे ते दाराबाहेर ठेवायचं. हा भेद सांगून कळत नाही. प्रत्येक उत्तराला 'कुठल्या ओळीवरून?' असं विचारत राहावं लागतं, पोरं कंटाळली तरी.

लेखनातही ६० मिनिटंच. पहिल्या टास्कमध्ये आलेख, तक्ता किंवा नकाशा आणि किमान १५० शब्द. दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून साधारण २० आणि ४० मिनिटं अशी वाटणी करायची. आलेख वाचण्यात आपली विज्ञानाची मुलं पटाईत असतात. फक्त ती एकूण एक आकडा लिहून काढतात आणि एकंदर काय दिसतं, हे दोन वाक्यांत सांगायचं राहून जातं. शिवाय आकडे का वाढले याची कारणं शोधत बसतात. ती कोणी विचारलेली नसतात.

दुसऱ्या टास्कमध्ये मात्र शाळेतला 'विज्ञान : शाप की वरदान' उठून उभा राहतो. प्रश्न असतो तुम्ही कितपत सहमत आहात हा, आणि उत्तरात अर्धा निबंध फायदे, अर्धा तोटे, शेवटी 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'. क्लासवाले अशी वाक्यं पाठ करून घेतात, परीक्षक ती लांबूनच ओळखतो. चार निकषांना सारखे गुण आहेत: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतला सुसंगतपणा, शब्दसंपदा आणि व्याकरण. माझ्या वर्गात निबंधाआधी प्रत्येकाने आपलं म्हणणं मराठीत एका वाक्यात सांगायचं असतं. ते जमलं नाही तर पेन उचलायचं नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, असं काही सहकारी म्हणतात. म्हणोत बापडे. विचारच तयार नसेल तर आर्टिकल सुधारून काय होणार?

व्याकरणाच्या सगळ्या चुका लाल करू नका. एका निबंधात एकच प्रकार धरा, या आठवड्यात 'अ' आणि 'द', पुढच्या आठवड्यात स्वल्पविरामांनी जोडत नेलेली लांबलचक वाक्यं. आणि संगणकावर टाइप करायला लावा. शब्दसंख्या पडद्यावर दिसते खरी, पण फोनवर अंगठे चालवणाऱ्यांचे हात कीबोर्डवर अडखळतात.

अप्पा बळवंत चौकातली जुनी सरावपुस्तकं आयईएलटीएसच्या या दोन पेपरांना चालून जातात. टोफेल या अशाच दुसऱ्या इंग्रजी परीक्षेला चालत नाहीत. जुलै २०२३मध्ये ती परीक्षा तीन तासांवरून दोन तासांच्या आत आली आणि जुना स्वतंत्र निबंध गेला.

एकूण सात बँड (आयईएलटीएसचे गुण बँडमध्ये देतात) आणि लेखनात सहा, असा निकाल घेऊन मुलं येतात. अनेक विद्यापीठं प्रत्येक कौशल्यात किमान बँड मागतात, म्हणून तेवढ्यावर अर्ज अडतो. संगणकावर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांच्या आत एकच कौशल्य पुन्हा देता येतं. पण तो निकाल सगळीच विद्यापीठं धरत नाहीत. प्रवेश विभागाला ईमेल करून, उत्तर आल्यावरच पैसे भरायला सांगा.