डुकरांमधला ब्रुसेलोसिस: रोझ बेंगाल आणि एलायझा कशा ताडून पाहाव्यात

माद्या गाभडू लागल्या, मेलेली पिल्ले जन्मली किंवा नरांचे अंडकोष सुजले की ब्रुसेलोसिस घडवणाऱ्या ब्रुसेला सुइस या जंतूची शंका येते आणि कळपाचे रक्त तपासायला जाते. रोझ बेंगाल आणि एलायझा या चाचण्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, शोधतात; पण डुकरांत यातली कोणतीही चाचणी एकट्या जनावराबद्दल ठाम निकाल देत नाही. निकाल वाचायचा तो कळपाचा.

हा जंतू माणसालाही बाधतो, म्हणून हातमोजे, मास्क आणि डोळ्यांना संरक्षण हवेच. साध्या नळीत, म्हणजे रक्त गोठू न देणारे रसायन नसलेल्या नळीत, ५ ते १० मिली रक्त घ्या. ते गोठले की सीरम, म्हणजे वर सुटणारा स्वच्छ द्रव, वेगळे करून ४ अंशांवर ठेवा, लांबणार असेल तर उणे २० अंशांवर. अख्खे रक्त फ्रीजरमध्ये ठेवू नका. पेशी फुटून सीरम लाल होते आणि निकाल बिघडतो.

रोझ बेंगालसाठी सीरम आणि अँटिजेन (मारून रंगवलेल्या ब्रुसेलाचे द्रावण) आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पांढऱ्या टाइलवर दोन्हींचे २५-३० मायक्रोलिटर मिसळून साधारण दोन सेंटिमीटरचे वर्तुळ पसरवा, ४ मिनिटे हलवत राहा आणि लगेच वाचा. बारीक कण दिसले तरी पॉझिटिव्ह. उशीर झाला तर थेंबाची कड सुकते आणि तिथली रेघ गुठळीसारखी दिसते. दर वेळी एक निगेटिव्ह आणि एक कमजोर पॉझिटिव्ह सीरम सोबत लावा. अँटिजेन अशक्त झाले असेल तर ते कमजोर सीरमच दाखवून देते.

एलायझाचे किट डुकरांसाठी पडताळलेले आहे का, हे आधी बघा. गायींसाठीच्या इनडायरेक्ट किटमधला कॉन्जुगेट (प्रतिपिंडांना चिकटून रंग आणणारा घटक) डुकरांची प्रतिपिंडे नीट पकडेलच असे नाही.

आता तुलना. तेच नमुने दोन्ही चाचण्यांत लावा. समजा १०० पैकी २० दोन्हींत पॉझिटिव्ह, ७० दोन्हींत निगेटिव्ह, ६ फक्त पहिलीत आणि ४ फक्त दुसरीत पॉझिटिव्ह आले. एकमत ९० टक्के दिसते, पण त्यातले सुमारे ६२ टक्के निव्वळ योगायोगानेही जुळले असते. तो भाग वगळला की कप्पा, म्हणजे योगायोगापलीकडच्या एकमताचे माप (पूर्ण एकमत म्हणजे १), ०.७३ येतो. एकमत चांगलेच आहे, पण ९० टक्के ऐकून वाटते तेवढे नाही.

खरी फसगत मात्र इथे होते: येर्सिनिया एंटेरोकोलिटिका ओ:९ या जंतूच्या आवरणातली ओ-साखळी (शर्करेच्या रेणूंची साखळी) ब्रुसेलाच्या साखळीशी जवळजवळ सारखी असते. रोझ बेंगाल आणि नेहमीची एलायझा दोन्ही मुख्यतः तीच साखळी ओळखतात, त्यामुळे दोन्ही एकदमच चुकू शकतात. दोन पॉझिटिव्ह म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत. लक्षणे नसलेल्या कळपात एखाददुसरेच जनावर पॉझिटिव्ह आले तर ते वेगळे ठेवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्या. गाभडलेल्या मादीचे गर्भ व वार मिळाली तर सुसज्ज प्रयोगशाळेत कल्चर (जंतू वाढवून पाहणे) किंवा पीसीआरला (जंतूचा डीएनए शोधणे) पाठवा.

कॉम्प्लिमेंट फिक्सेशन या आणखी एका रक्तचाचणीवर डुकरांत विसंबू नका. डुकराचे स्वतःचे कॉम्प्लिमेंट (रक्तातली काही संरक्षक प्रथिने) चाचणीत लुडबूड करते आणि बाधित जनावरे सुटतात.

नमुने किती? मोठ्या कळपात १० टक्के जनावरे बाधित असतील, तर ९५ टक्के खात्रीने निदान एक तरी बाधित जनावर नमुन्यात यायला २९ नमुने लागतात, ५ टक्के असतील तर ५९. चाचणीकडून बाधित जनावरे निसटतात हे धरले, तर यापेक्षा जास्तच घ्या.